मूर्ती सगळेच बघतात, मूर्तीच्या पायाखालचं लाकूड कोण बघतं?

पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा. पटलं तर सांगा, नाही पटलं तरी सांगा.

गावात पुतळा बसवायचा ठरला की काय काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पुतळा किती फुटांचा, ब्राँझचा की फायबरचा, तोंड कोणत्या दिशेला, उद्घाटनाला कोण, यावर महिनोन्‌महिने चर्चा होते. आणि चौथरा? तो शेवटच्या आठवड्यात ठरतो. गवंडी बोलवायचा, विटा रचायच्या, वरून ग्रॅनाइट नाहीतर टाइल्स चिकटवायच्या आणि समोर नावांची पाटी ठोकायची. त्या पाटीवर कित्येकदा महापुरुषाच्या नावापेक्षा उद्घाटकाचंच नाव मोठं असतं.

म्हणजे चौथरा बोलतो, हे पाटी लावणाऱ्यांना बरोबर कळलेलं असतं. आपल्यालाच ते कळत नाही. आपण हात जोडतो, वर बघतो आणि पुढं जातो.

आज मला या खालच्या भागाबद्दल लिहायचंय. पीठ म्हणा, चौरंग म्हणा, पाट म्हणा, चौथरा म्हणा. मूर्ती जिच्यावर उभी असते ती बैठक. माझं म्हणणं एवढंच आहे : वरची मूर्ती सांगते की मान कोणाला द्यायचा. खालची बैठक सांगते की तो मान कोणाच्या जिवावर उभा आहे. जगाच्या इतिहासात हे ज्यांनी फार विचार करून कोरलं ते तीन-चारशे वर्षांपूर्वीचे युरोपातले बरोक शैलीचे कलाकार. आणि त्यांची ही कला बघायला रोमला जायची गरज नाही. आपल्या शेजारी गोव्यात ती लाकडात कोरलेली उभी आहे.

बरोक म्हणजे काय?

ओबडधोबड मोत्याला पोर्तुगीज भाषेत 'बर्रोको' म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं असं बहुतेक जण मानतात. काळ साधारण १६०० ते १७५०. म्हणजे आपल्याकडं शहाजीराजांपासून नानासाहेब पेशव्यांपर्यंतचा.

त्याआधी युरोपात ख्रिस्ती धर्मात मोठी फूट पडली होती. प्रोटेस्टंट लोक म्हणत होते, चर्चमध्ये मूर्ती कशाला? कित्येक ठिकाणी मूर्ती फोडल्या गेल्या. कॅथलिक चर्चनं ट्रेंट गावी १५४५ ते १५६३ या काळात धर्मसभा भरवली आणि ठरवलं की मूर्ती राहणार. नुसत्या राहणार नाहीत, तर वाचता न येणाऱ्या माणसालाही धर्म समजावून सांगणार. तिथून मूर्तिकलेला जणू पूर आला. वाऱ्यानं उडणारे कपडे, डोळ्यांत पाणी, जखमेतून रक्त, सगळीकडे सोनं. बघणाऱ्याचा ऊर भरून आला पाहिजे, हा हिशोब.

रोममध्ये संगमरवर आणि ब्राँझ होतं. पण स्पेन, पोर्तुगाल, दक्षिण जर्मनी या भागांत लाकूड चालायचं. कारण सोपं आहे. मूर्ती मिरवणुकीत खांद्यावरून न्यायची असेल तर दगडाची कशी नेणार? लाकूड हलकं आणि त्यात हवं ते कोरता येतं. कोरून झालं की सरस आणि चुनखडीचे थर द्यायचे, त्यावर तांबडी माती, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि मग गुळगुळीत दगडानं घोटायचं. लांबून बघणाऱ्याला वाटतं सगळंच सोन्याचं आहे. आत मात्र लाकूडच.

या लाकडी मूर्तींच्या बैठकीवर जे कोरलेलं असायचं ते शोभेसाठी नसायचं. ते त्या काळचं कॅप्शन होतं. पायाखाली ढग आणि ढगातून डोकावणारी पंख असलेली बाळं असली, तर समजायचं की ही मूर्ती स्वर्गात आहे. मारियामाउलीच्या पायाखाली चंद्रकोर आणि साप असला, तर पापाला जिंकणारी आई. पृथ्वीचा गोल असला, तर साऱ्या जगावर सत्ता. देवदूत मायकलच्या पायाखाली सैतान. ज्याला अक्षर येत नाही तो शेतकरी खाली बघायचा आणि वर कोण उभं आहे ते ओळखायचा.

पायथ्यावरच्या मधमाश्या आणि पाठीवर खांब घेतलेला हत्ती

रोमचा बर्निनी (१५९८–१६८०) हा या शैलीचा बादशहा. सेंट पीटर चर्चमध्ये संताच्या समाधीवर त्यानं १६२४ ते १६३३ या काळात एक प्रचंड ब्राँझचं छत्र उभं केलं. चार पिळदार खांब, आणि खांबांखाली संगमरवरी पायथे. त्या पायथ्यांवर काय आहे? काम करून घेणाऱ्या पोप आठव्या अर्बनच्या घराण्याची ढाल आणि त्यावर तीन मधमाश्या, म्हणजे बार्बेरिनी घराण्याचं चिन्ह. समाधी संताची, पण पायथ्यावर सही पोपच्या घराण्याची. आपल्या उद्घाटकांच्या पाटीचा हा आजोबाच म्हणा.

पण त्याच ढालींच्या वर एका बाईचा चेहरा कोरला आहे. पायथ्यांभोवती फिरत गेलं की चेहरा बदलत जातो. कळा सुरू होतात, वाढतात, तोंड वेदनेनं उघडतं, आणि शेवटी बाईच्या जागी बाळाचं हसरं तोंड येतं. जगातल्या एवढ्या मोठ्या धर्मस्थानाच्या पायथ्याला बाळंतपणाच्या कळा! याचा अर्थ काय यावर अभ्यासकांची अजून चर्चा चालते. मला एवढं दिसतं की कारागिरानं खाली जागा मिळाल्यावर जे वर सांगता येत नव्हतं ते सांगितलं.

१६६७ साली रोमच्या मिनर्व्हा चौकात बर्निनीच्या आराखड्यानुसार एक दगडी हत्ती बसवला गेला. त्याच्या पाठीवर इजिप्तहून आलेला उंच प्राचीन स्तंभ. खालच्या लेखाचा भावार्थ असा की भारी ज्ञान पेलायला मजबूत बुद्धी लागते. म्हणजे इथं वाहणाऱ्यालाच मान आहे.

आता उलटं उदाहरण बघा, आणि हे खास लाकडाचं आहे. व्हेनिसमध्ये आंद्रेआ ब्रुस्तोलोन (१६६२–१७३२) नावाचा कोरीवकाम करणारा होता. हात असा की लाकडाचं लोणी व्हावं. व्हेनिएर नावाच्या श्रीमंत घराण्यासाठी त्यानं खुर्च्या आणि फुलदाण्या ठेवायच्या बैठका कोरल्या. आज त्या व्हेनिसच्या का' रेत्झोनिको संग्रहालयात आहेत. त्या बैठका म्हणजे काळ्या आबनूस लाकडात कोरलेले आफ्रिकी पुरुष. पिळदार शरीर, जिवंत वाटणारे चेहरे, आणि गळ्यात साखळ्या. त्यांचं काम काय? पूर्वेकडून आलेल्या नाजूक चिनी मातीच्या फुलदाण्या उचलून धरणं.

दिवाणखान्यात पाहुणे यायचे, फुलदाणीचं कौतुक करायचे. खाली साखळीत जखडलेला माणूस आहे, याकडं शोभा म्हणूनच बघितलं जायचं. त्या काळात युरोपची जहाजं आफ्रिकेतून खरीखुरी माणसं अशीच साखळ्या घालून नेत होती. व्हेनिसच्या त्या लाकडानं आपल्या काळाचा हिशोब प्रामाणिकपणे मांडून ठेवला, मालकाला ते कळलं असो वा नसो.

आता गोव्यात या

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. सोळाव्या शतकात त्यांच्या मुलखातली देवळं पाडली गेली. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली. देवांनाही आपली बैठक सोडून नदी ओलांडावी लागली. १५६० मध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय आलं. आणि याच काळापासून जुन्या गोव्यात एकामागून एक भव्य चर्च उभी राहू लागली. बॉम जेझुस बॅसिलिकाचं काम १५९४ ला सुरू झालं, १६०५ ला ती उपासनेसाठी खुली झाली. जुन्या गोव्याची ही चर्च १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

एवढी मखरं, मूर्ती, वेद्या, व्यासपीठं कोरली कोणी? पोर्तुगालहून सगळे सुतार जहाजात भरून आणणं शक्य नव्हतं. कोरली ती इथल्याच हातांनी. त्यातले कित्येक हिंदू. १५६७ च्या गोव्यातल्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेनं बिगर-ख्रिस्ती कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती आणि पूजेच्या वस्तू करून घ्यायला मनाई केली. पुढंही अशा मनाया निघत राहिल्या. आता मला सांगा, एखाद्या गोष्टीची मनाई पुन्हा पुन्हा काहून काढावी लागते? कारण ती चालूच असते. ज्याचं देऊळ पाडलं त्याच्याच हातून चर्चची मखरं कोरली जात होती. पोट सगळ्यांनाच असतं बाप्पा.

आणि मग त्या हातांनी बैठकीवर काय कोरलं?

बॉम जेझुस बॅसिलिकात भिंतीला लागून लाकडी व्यासपीठ आहे, पाद्री जिथून प्रवचन द्यायचे ते. त्याच्या बाजूंवर येशू, चार शुभवर्तमानकार आणि चर्चचे चार आचार्य कोरलेत. आणि तळाला सात आकृत्या आहेत, सगळं व्यासपीठ आपल्या अंगावर पेलून धरल्यासारख्या. गोव्यातल्या इतर काही चर्चच्या व्यासपीठांखाली तर चक्क नाग-नागिणी आहेत. कमरेच्या वर माणूस, खाली वळत गेलेली शेपूट. सतराव्या शतकातल्या गोव्याच्या कोरीव कपाटांचे पायसुद्धा असेच नागिणींचे असायचे. ती कपाटं आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात बघायला मिळतात.

आता या नागाचा अर्थ काय?

पाद्र्याला विचारा. साप म्हणजे सैतान. त्यानं हव्वेला फसवलं. तो व्यासपीठाखाली आहे म्हणजे धर्माच्या वाणीनं त्याला दाबून टाकलंय. चोख अर्थ, हरकत घेण्यासारखं काही नाही.

आता कारागिराला विचारा. नाग म्हणजे शेष, पृथ्वी पेलणारा. नाग म्हणजे वारुळातला देव, शेताचा राखणदार. तो खाली आहे म्हणजे हरलेला नाही. तो खाली आहे म्हणून वरचं सगळं टिकून आहे.

लाकूड एक, छिन्नी एक, अर्थ दोन. मालकाला पहिला अर्थ दिसला आणि त्यानं मजुरी दिली. कारागिराच्या मनात नेमकं काय होतं याचा कागद कुठं नाही, आणि मी त्याच्या तोंडी शब्द घालणार नाही. पण खाली बसलेल्या गावकऱ्यांना, ज्यांच्या घरी दोन पिढ्यांआधी नागपंचमी व्हायची, त्यांना नाग ओळखू आला नसेल असं मानायला मी तयार नाही.

हेच भाषेतही घडलं. थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं येशूची कथा मराठीत, आपल्या ओवीत लिहिली. ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं. वरचा देव नवा, पण ज्या बैठकीवर तो बसवला ती ज्ञानोबा-एकनाथांची ओवी. इथल्या माणसाच्या काळजापर्यंत जायचं तर बैठक इथलीच लागते, हे स्टीफन्सला कळलं होतं.

आणि एक गंमत. सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव ज्या चांदीच्या पेटीत आहे ती १६३६–३७ मध्ये गोव्याच्या सोनारांनी घडवली. ती ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे तो इटलीतल्या टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं, तिसऱ्या कोझिमोनं, भेट दिला. फ्लॉरेन्सच्या फोजिनीनं घडवलेला तो चौथरा १६९८ मध्ये इथं बसवला गेला. म्हणजे इथं सगळं उलटं झालं. युरोपचं काम खाली, गोव्याच्या सोनाराचं वर.

आपल्या देवांच्या पायाखाली

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, ते त्यांचं झालं, आपलं काय? आपलं तर फारच मोठं आहे. आपल्या भाषेत मानाच्या जागेला पीठच म्हणतात. शक्तिपीठ, विद्यापीठ, व्यासपीठ. पाहुण्याला पाट द्यायचा, पाटाभोवती रांगोळी काढायची. महादेवाच्या पिंडीत खालची शाळुंका नुसती बैठक नाही, ती स्वतः शक्ती आहे. गणपतीच्या पायाशी उंदीर आहे, त्यालाही मोदक लागतो.

दुर्गेच्या पायाखाली महिषासुर आहे. आपण त्याच्याकडं वाईटाचा पराभव म्हणून बघतो. पण झारखंडातला असुर समाज महिषासुराला आपला पूर्वज मानतो, आणि आपल्यासाठी जे सणाचे दिवस आहेत ते त्यांच्यासाठी दुखवट्याचे असतात. गोव्याच्या नागासारखंच हे. पायाखालच्या आकृतीचे नेहमी दोन अर्थ असतात, एक वरून बघणाऱ्याचा आणि एक खालून. यात कोणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाही. फक्त दुसरा अर्थही कोणाच्या तरी घरात जिवंत आहे, एवढं माहीत असावं.

आणि सगळ्यात मोठी बैठक तर आपल्या विठोबाची. ना सिंहासन, ना सोन्याचं कमळ. एक वीट. आईबापाच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकानं भिरकावलेली. देव त्या विटेवर उभा राहिला आणि आजही उभा आहे. त्या विटेखाली कोणी हरलेला नाही, कोणी साखळीत नाही. एका माणसाचं काम आणि त्या कामाला देवानं दिलेला मान, एवढंच तिथं आहे. व्हेनिसच्या त्या फुलदाण्यांच्या बैठका आणि पंढरपूरची वीट शेजारी शेजारी ठेवून बघा. कोणता समाज आपल्या मानाच्या गोष्टी कशावर उभ्या करतो, ते लगेच दिसतं.

मग बपेऱ्यात याचं काय करायचं?

आपण झाडीपट्टीतले लोक. आपल्या भागाचं नावच झाडांवरून पडलेलं. सागवान आपल्या जंगलात, आणि लाकडाला आकार देणारे सुतार आपल्या गावागावांत. तान्ह्या पोळ्याला पोट्टे लाकडी नंदी घेऊन निघतात. तो नंदी एका पाटावर उभा असतो आणि पाटाला चाकं असतात. जुने नंदी नीट बघा. कित्येकांच्या पाटाच्या कडेला वेल, फुलं, कंगोरे कोरलेले दिसतात. स्पेनमध्ये मूर्तीची बैठक खांद्यावरून मिरवतात, गोव्यात गोवा वेल्हा गावी संतांच्या मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते, आणि आपल्याकडं पोरगं दोरीनं नंदी ओढत नेतं. जात एकच : चालती लाकडी बैठक.

आता दुखणं सांगतो. देवळांचे जीर्णोद्धार जोरात चाललेत. चांगली गोष्ट आहे, गळकं छप्पर कोणाला हवंय? पण त्यात जुने लाकडी खांब, तुळयांची कोरीव टोकं, देव्हाऱ्याचे चौरंग, पालखीचे पाट बाहेर निघतात. मूर्ती सगळे जपतात. बैठक मात्र 'जुनं लाकूड' म्हणून अडगळीत जाते, चुलीत जाते, नाहीतर गाडी घेऊन फिरणाऱ्या माणसाला चार पैशांत विकली जाते. त्याला त्याची किंमत माहीत असते, आपल्याला नसते. लाकडाला वाळवी लागते तीही आधी खालूनच, जमिनीच्या ओलीजवळ. माणसाचं दुर्लक्षही तिथूनच सुरू होतं.

आणि कायदाही माहीत असू द्या. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. इमारतीपासून सुटा झालेला जुना भागसुद्धा त्यात येतो. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणजे दारात टेम्पो घेऊन आलेल्याला "तुझ्याकडं लायसन आहे का?" एवढं विचारायचा हक्क आपल्याला आहे.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. कोणाला पुढारीपण करायचं नाही, आपण सगळ्यांनी मिळून करायच्या.

एक. गावातल्या देवळाचं, समाजमंदिराचं काम काढायच्या आधी जुन्या लाकडाचे फोटो काढा, चारही बाजूंनी. काय ठेवायचं, काय बदलायचं हे ग्रामसभेत बोलून ठरवा. खांब बदलावाच लागला तर कोरलेला भाग तरी देवळातच ठेवा.

दोन. घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, हा नंदी, हा चौरंग, हा पाट कोणी घडवला? त्या सुताराचं नाव, गाव, जमलं तर साल लिहून ठेवा. गोव्याचं व्यासपीठ कोरणाऱ्यांची नावं गेली. आपल्या सुतारांची नावं अजून कोणाकोणाच्या तोंडी आहेत. आणखी वीस वर्षांनी नसतील.

तीन. पुढचा कुठलाही चौथरा बांधताना पाटीवर उद्घाटकाचं नाव खुशाल टाका, त्याशिवाय निधी येत नाही हे मलाही कळतं. पण त्याच पाटीवर गवंड्याचं, सुताराचं, मूर्तिकाराचं नावही टाका. एक ओळ पुरते. पोपनं आपल्या मधमाश्या कोरून घेतल्या, ठीक आहे. निदान बर्निनीचं नाव तरी जगाला माहीत आहे.

तीनशे वर्षांनी कोणी आपला चौथरा बघेल आणि त्यावरून आपण कसे होतो ते ठरवेल. त्यानं तिथं फक्त उद्घाटकांची यादी वाचावी, की हे कोणाच्या हातांनी उभं राहिलं तेही वाचावं, हे आपल्याच हातात आहे.

बपेरा, सिहोरा, तुमसर आणि नदीपलीकडच्या बालाघाटकडच्या मित्रांनी आपल्या घरच्या नंदीच्या पाटाचा किंवा देव्हाऱ्याच्या चौरंगाचा फोटो कमेंटमध्ये टाकावा. नंदीचा नाही टाकला तरी चालेल, पाटाचा टाका. घडवणाऱ्याचं नाव माहीत असेल तर तेही लिहा.